व्याज नि प्रमाणाची शाब्दिक उदाहरणं: फॉर्म्युला नंतर, आधी गणित वाचायचं कसं

गेल्या आठवड्यात क्लासमधल्या एका पोराची वही बघत होतो. प्रश्न साधा, ८,००० रुपयांचं द.सा.द.शे. ९ दराने ८ महिन्यांचं सरळव्याज किती. पोराने झकास मांडणी केलेली, म गुणिले द गुणिले क (मुद्दल, दर, काळ) भागिले शंभर, ८००० × ९ × ८ ÷ १००, उत्तर ५,७६०, खाली दोन रेघा मारून चौकट पण. मी म्हटलं अरे आठ हजारावर आठ महिन्यात पावणेसहा हजार व्याज, तुझ्या वडलांनी असं कर्ज घेतलं तर घर विकायला लागेल. तर म्हणतो, सर पण फॉर्म्युला तर बरोबर आहे ना. आता फॉर्म्युला बरोबर होताच, गणितच दुसऱ्याचं सोडवलं होतं त्याने.

म्हणून हे लिहायला बसलो. भरतीची तयारी करणारे, दहा वर्षांनी परत गणिताला हात लावणारे, आणि मुलांचा अभ्यास घेताना स्वतःच अडकणारे आईबाप, यांच्यासाठी आहे हे. ज्यांचं गणित पक्कं आहे त्यांनी सरळ शेवटची तीन उदाहरणं करून बघा. मी आधी काही वर्षं एका पतसंस्थेत काउंटरला होतो, त्यामुळे व्याजाची गणितं मी पुस्तकातून कमी आणि लोकांच्या तोंडून जास्त ऐकलीत, आणि माझं ठाम मत झालंय की माणूस आकडेमोडीत चुकत नाही, वाचण्यात चुकतो.

आधी पेन खाली ठेवा

पहिली स्टेप म्हणजे काहीच लिहायचं नाही. उदाहरण दोनदा वाचायचं. पहिल्यांदा गोष्ट म्हणून, कोणी कोणाला पैसे दिले, किती दिवसांसाठी, शेवटी काय झालं. दुसऱ्यांदा फक्त शब्द पकडायला.

शब्द थोडेच आहेत पण सगळी गंमत तिथेच आहे. मुद्दल म्हणजे मूळ दिलेली रक्कम. व्याज म्हणजे वापरायचं भाडं. रास म्हणजे मुद्दल अधिक व्याज, दोन्ही मिळून. प्रश्नात "३ वर्षांनी ५,९०० रुपये परत केले" असं असेल तर ती रास आहे, व्याज नाही, आणि पर्यायांमध्ये रास व्याज समजून केलेलं चुकीचं उत्तर बरेचदा मुद्दाम ठेवलेलं असतं, त्यामुळे आपलं उत्तर पर्यायात आहे म्हणून बरोबर असं समजू नका. मुदत म्हणजे काळ.

द.सा.द.शे. म्हणजे दर साल दर शेकडा. हे चार शब्द मी पोरांकडून मोठ्याने म्हणून घेतो. दर साल, म्हणजे एका वर्षाला. दर शेकडा, म्हणजे शंभर रुपयांना. ९ दर म्हणजे शंभर रुपये एक वर्षभर वापरले तर नऊ रुपये द्यायचे, बस. त्या पोराने आठ महिन्यांना आठ वर्षं केलं ते याच्यामुळेच, त्याच्या डोक्यात "साल" हा शब्द कधी आलाच नाही.

आणि इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. पुस्तकातलं टक्के आणि गावातलं टक्के वेगळं असतं. गावात कोणी म्हणालं "दोन टक्क्याने घेतले" तर ते महिन्याचे दोन टक्के असतात, शेकडा महिना दोन रुपये. बचत गटातलं कर्ज पण बहुतेक ठिकाणी असंच महिन्यावर बोलतात. ५०,००० घेतले तर महिन्याला १,००० व्याज, वर्षाला १२,०००, म्हणजे द.सा.द.शे. २४. काउंटरवर मला एक मावशी म्हणाल्या होत्या, तुमच्याकडे बारा टक्के आणि गटात दोनच टक्के, मग तुमच्याकडून कशाला घेऊ? बिनतोड वाटतं ऐकायला. मी कॅल्क्युलेटर त्यांच्या हातात दिला आणि दोन गुणिले बारा करायला सांगितलं. त्यांनी आकडा बघितला, परत एकदा करून बघितला, मग म्हणाल्या पण गटात जामीनदार लागत नाही ना. तेही खरंच होतं म्हणा.

आता "ने" आणि "इतकी" हा फरक. रक्कम दुप्पट झाली म्हणजे १०० चे २०० झाले. दुपटीने वाढली म्हणजे १०० मध्ये अजून २०० आले, ३०० झाले. बोलताना आपण दोन्ही सरमिसळ वापरतो, पेपरात चालत नाही. तसंच सव्वापट म्हणजे ५/४, दीडपट ३/२, पावणेदोनपट ७/४, पाऊणपट ३/४. शहरात वाढलेल्या मुलांना पावणेदोन म्हणजे १.७५ हे पटकन येत नाही, त्यात लाजण्यासारखं काही नाही, एक कागद करून भिंतीला लावा.

दोन ओळींचं टेबल

दुसरी स्टेप. फॉर्म्युला लिहायच्या आधी दोन ओळी लिहा. वरच्या ओळीत जे माहीत आहे ते, खालच्या ओळीत जे विचारलंय ते, आणि एकाखाली एक सारखी गोष्ट आली पाहिजे, रुपयाखाली रुपये, महिन्याखाली महिने.

१०० रुपये, १२ महिने, ९ रुपये व्याज
८,००० रुपये, ८ महिने, किती व्याज?

बघा, बारा महिन्यांच्या खाली आठ महिने आले. आता चूक करायची म्हटली तरी होत नाही. ८,००० म्हणजे शंभराच्या ८० पट, म्हणून वर्षाचं व्याज ८० × ९ = ७२०. आठ महिने म्हणजे वर्षाचे दोन तृतीयांश, म्हणून ४८०. झालं. फॉर्म्युलाने केलं असतं तरी ८००० × ९ × ८/१२ ÷ १०० असंच आलं असतं, फॉर्म्युला म्हणजे हेच टेबल घाईत लिहिलेलं आहे.

मला जे सांगायचंय ते एवढंच आहे खरं तर, व्याज हा काही वेगळा धडा नाही, ते प्रमाणच आहे, फक्त दोनदा लावलेलं, एकदा रुपयांना आणि एकदा काळाला. आपल्याकडे हे फार जुनं आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५० च्या सुमारास, त्रैराशिक आहे, माहीत असलेल्या तीन राशींवरून चौथी काढायची, आणि त्याच्यापुढे पंचराशिक, तिथे पाच राशी माहीत असतात. पंचराशिकाचं उदाहरणच व्याजाचं दिलंय, शंभराला महिन्याला पाच व्याज असेल तर सोळाचं वर्षाचं किती. टेबल करा:

१००, १ महिना, ५
१६, १२ महिने, किती?

१६ × १२ × ५ ÷ १०० = ९.६, तिथे उत्तर नऊ पूर्णांक तीन पंचमांश आहे. द.सा.द.शे. ६० चा दर झाला हा, सावकारी म्हणायची का काय! चाळीसगावजवळ पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला होता आणि तिथल्या देवळात तसा तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आहे. तिकडे पाटणादेवीला सहलीला जाताय तर तो पण बघा.

असो, गणिताकडे.

क्ष कधी घ्यायचा

विचारलेली गोष्ट टेबलच्या शेवटच्या घरात असेल तर क्ष ची गरज नाही. ती मधल्या कुठल्या घरात लपली असेल तर क्ष घ्या. आणि क्ष घेताना "क्ष मानू" एवढंच लिहून थांबू नका, काय क्ष, रुपये का वर्षं, आणि कुठले रुपये, हे लिहा. "८ टक्क्याला ठेवलेले रुपये = क्ष." हे लिहायला पाच सेकंद लागतात आणि पुढची पाच मिनिटं वाचतात.

उदाहरण: २०,००० पैकी काही रक्कम ८ टक्के दराने आणि उरलेली ११ टक्के दराने ठेवली. एका वर्षाचं एकूण व्याज १,८७० आलं. कुठे किती ठेवले?

८ टक्क्याला ठेवलेले क्ष. मग ११ टक्क्याला ठेवलेले २०,००० − क्ष. इथेच नवीन माणूस दुसऱ्या रकमेला य म्हणतो आणि मग दोन समीकरणं घेऊन बसतो, चूक नाही ते, पण एकूण बेरीज दिली असेल तर दुसऱ्या अक्षराची गरज पडत नाही.

व्याजाची बेरीज: ८क्ष/१०० + ११(२०,००० − क्ष)/१०० = १,८७०
दोन्ही बाजूंना १०० ने गुणलं: ८क्ष + २,२०,००० − ११क्ष = १,८७,०००
३क्ष = ३३,०००, क्ष = ११,०००

म्हणजे ११,००० आठ टक्क्याला, ९,००० अकरा टक्क्याला. ८८० + ९९० = १,८७०, जमलं.

आता हेच तोंडी बघा, मला हे जास्त आवडतं. समजा सगळे वीस हजार ८ टक्क्यालाच ठेवले असते, तर व्याज १,६०० आलं असतं. आलंय १,८७०, म्हणजे २७० जास्त. हे जास्तीचे कुठून आले? ११ टक्क्याच्या खात्यात सरकवलेला प्रत्येक रुपया ३ पैसे जास्त देतो. २७० रुपये यायला किती रुपये सरकवायला पाहिजेत, २७० भागिले ०.०३, नऊ हजार. समीकरण येतं त्याने पण एकदा असं करून बघावं, नाहीतर क्ष च्या मागे नक्की काय चाललंय ते कधी कळत नाही.

अजून एक प्रकार आहे तो बघून मुलं गांगरतात. "एक रक्कम सरळव्याजाने २ वर्षांत ५,६०० होते आणि ५ वर्षांत ६,५०० होते, तर मुद्दल आणि दर काढा." मुद्दल नाही, दर नाही, मग आहे काय? दोन राशी आहेत. त्यांच्यातला फरक ९०० आणि काळातला फरक ३ वर्षं. मुद्दल दोन्हीकडे तेच आहे म्हणजे हे ९०० निव्वळ तीन वर्षांचं व्याज, वर्षाला ३००. दोन वर्षांचं ६००, म्हणून मुद्दल ५,६०० − ६०० = ५,०००. पाच हजाराला वर्षाला तीनशे, शंभराला सहा. दर ६.

तसंच, "दर २ ने जास्त असता तर ३ वर्षांत ३६० रुपये जास्त मिळाले असते, मुद्दल किती?" मूळ दर दिलेलाच नाही म्हणून लोक हे सोडून देतात. दर लागतच नाही! ते जास्तीचे ३६० रुपये फक्त त्या जास्तीच्या २ टक्क्यांनी ३ वर्षांत आणले, म्हणजे मुद्दलाचे ६ टक्के म्हणजे ३६०, मुद्दल ६,०००.

आणि हा एक सापळा, जो मी दरवर्षी पहिल्या दिवशी फळ्यावर लिहितो. सरळव्याजाने एक रक्कम ८ वर्षांत दुप्पट होते, तिप्पट किती वर्षांत? वर्गात ओरडून उत्तर येतं, बारा! दुपटीला आठ तर तिपटीला बारा, प्रमाण लावलं ना सर. पण प्रमाणात काय आहे, रास का व्याज? काळाच्या प्रमाणात व्याज वाढतं, रास नाही. दुप्पट म्हणजे व्याज मुद्दलाएवढं, तिप्पट म्हणजे व्याज मुद्दलाच्या दुप्पट. एक मुद्दल यायला ८ वर्षं तर दोन मुद्दलं यायला १६. जो एकदा बारा म्हणून फसला तो परत फसत नाही.

चक्रवाढ, पण घाबरायचं नाही

चक्रवाढीत दर वर्षी व्याज मुद्दलात मिसळतं आणि पुढच्या वर्षी त्या व्याजावर पण व्याज. फॉर्म्युला आहे, घातांकवाला, पण दोन-तीन वर्षांचं असेल तर हाताने वर्ष-वर्ष करा. १०,००० वर १० टक्के, पहिल्या वर्षअखेर ११,०००, दुसऱ्या वर्षी अकरा हजारावर १,१००, म्हणजे १२,१००. सरळव्याजाने १२,००० झाले असते. फरक १००. हे शंभर कोण? पहिल्या वर्षीच्या १,००० व्याजावरचं दुसऱ्या वर्षीचं दहा टक्के व्याज. बाकी काही नाही.

एवढं कळलं की "२ वर्षांच्या चक्रवाढ आणि सरळव्याजात ६४ रुपयांचा फरक, दर ८, मुद्दल काढा" हे तोंडी होतं. फरक म्हणजे व्याजावरचं व्याज, मुद्दलाच्या ८ टक्क्याचे ८ टक्के, म्हणजे शंभर रुपयांना ०.६४. ६४ पैशांना शंभर रुपये तर ६४ रुपयांना दहा हजार. हा शॉर्टकट फक्त दोन वर्षांना चालतो हां, तीन वर्षांना लावू नका.

व्याज सहामाही किंवा तिमाही मिसळत असेल तर दर त्याच हिशोबाने वाटायचा आणि काळ तेवढ्या वेळा मोजायचा. वर्षाला १० टक्के सहामाही चक्रवाढ म्हणजे ५ टक्के, दोनदा. १०० चे १०५, १०५ चे ११०.२५. बँकांच्या एफडीत साधारण तिमाही मिसळतात, म्हणून पावतीवरचा मुदतपूर्तीचा आकडा घरी केलेल्या हिशोबापेक्षा थोडा जास्त येतो आणि लोक खूश होतात. आणि पैसे दुप्पट व्हायला किती वर्षं याला ७२ भागिले दर करा, ८ टक्क्याला ९ वर्षं. अंदाजाची पद्धत आहे, पण आठ टक्क्याला इतकी जवळ येते की पेपरात चारमधून एक निवडायला पुरते.

इथे माझं स्वतःचं फसणं सांगतो, लाज वाटते पण सांगतो. पतसंस्थेत बसून लोकांना व्याज समजावणारा मी, सेकंडहँड गाडीसाठी ६०,००० कर्ज घेतलं, "फक्त बारा टक्के फ्लॅट", बारा हप्ते. व्याज ७,२००, एकूण ६७,२००, हप्ता ५,६००. सही केली. तीन-चार हप्ते गेल्यावर एका रात्री झोपताना डोक्यात आलं, अरे मी दर महिन्याला मुद्दल पण परत करतोय आणि व्याज मात्र वर्षभर पूर्ण साठ हजारावर लावलंय. उठून वही काढली. पहिल्या महिन्यात माझ्याकडे ६० हजार, दुसऱ्यात ५५, मग ५०, असं करत शेवटच्या महिन्यात ५. बेरीज ३९०, भागिले १२, सरासरी साडेबत्तीस हजार. वर्षभर माझ्या वापरात सरासरी ३२,५०० होते आणि व्याज ७,२००, म्हणजे टक्के बावीसच्या आसपास! ही सरासरी ढोबळ आहे, काटेकोर केलं तर साडेएकवीसच्या जवळ येतं, पण बारा तर कुठेच नाही. बायकोला दुसऱ्या दिवशी सांगितलं तर म्हणाली, आणि तुम्ही लोकांना शिकवता. त्यामुळे "टक्के" वाचलं की दोन प्रश्न विचारायची सवय लावा, कशाचे टक्के, आणि किती काळाचे.

प्रमाण: सम, व्यस्त, आणि तिसरं

समप्रमाण म्हणजे एक वाढलं की दुसरं त्याच पटीत वाढतं. व्यस्त म्हणजे एक दुप्पट झालं की दुसरं निम्मं. हे सगळ्यांना येतं. पण तिसरं एक असतं, काहीच संबंध नसतो. एक शर्ट दोरीवर दोन तासात वाळतो, पाच शर्ट किती तासात? दहा म्हणणारे निघतात, मोठी माणसं पण. म्हणून आधी दोन सेकंद डोळ्यासमोर आणा, खरंच असं होतं का.

व्यस्त प्रमाणात एक युक्ती कायम चालते, गुणाकार धरा. मजूर गुणिले तास गुणिले दिवस, हे एकूण काम. १२ मजूर रोज ८ तास करून १५ दिवसांत विहिरीचं काम संपवतात, तर १० मजूर रोज ९ तास करून किती दिवसांत? काम = १२ × ८ × १५ = १,४४० मजूर-तास. नवीन टोळी दिवसाला ९० मजूर-तास करते. १,४४० ÷ ९० = १६ दिवस. बाण वर-खाली काढायची जी पद्धत असते ती मला कधीच लक्षात राहिली नाही, खरं सांगतो, हे राहतं.

मधेच माणसं येतात-जातात ते उदाहरण नीट करा कारण ते हमखास येतं. वसतिगृहात ४० मुलांना ३० दिवस पुरेल इतकं धान्य आहे. १० दिवसांनी अजून १० मुलं आली. उरलेलं धान्य किती दिवस पुरेल? घाईत ४० × ३० = १,२००, भागिले ५०, २४ दिवस. चुकलं, कारण दहा दिवस जेवण झालंय की! गोष्ट म्हणून वाचलं असतं तर दिसलं असतं. दहा दिवसांनी कोठीत जे उरलंय ते ४० मुलांना २० दिवसांचं, म्हणजे एका मुलाचं दिवसाचं एक ताट धरलं तर ४० × २० = ८०० ताटं. ८०० ÷ ५० = १६ दिवस. "उरलेलं" आणि "एकूण" या दोन शब्दांखाली रेघ मारायची सवय लावा, पेन्सिलीने का होईना.

गुणोत्तर आलं की भाग धरा

गुणोत्तर ७:३ म्हणजे आकडे ७ आणि ३ नाहीत. सात भाग आणि तीन भाग, भाग केवढा ते माहीत नाही. म्हणून ७क आणि ३क लिहायचं, क म्हणजे एक भाग. शाळेत नववीला याला के-पद्धत म्हणतात, तेच हे.

आई आणि मुलीच्या वयाचं गुणोत्तर ७:३, १० वर्षांनी ९:५ होईल, आजची वयं काढा. (७क + १०)/(३क + १०) = ९/५. तिरका गुणाकार, ३५क + ५० = २७क + ९०, ८क = ४०, क = ५. आई ३५, मुलगी १५. दहा वर्षांनी ४५ आणि २५, ९:५, बरोबर. दहा दोघींच्या वयात मिळवायचेत हे विसरू नका, निम्मी पोरं फक्त आईचंच वय वाढवतात.

आता वही न घेता. आई-मुलीच्या वयातला फरक जन्मभर तोच राहतो. ७:३ मध्ये फरक ४ भाग, ९:५ मध्ये पण ४ भाग. म्हणजे भागाचा आकार दोन्हीकडे एकच. मुलगी ३ भागांवरून ५ भागांवर गेली, दोन भाग म्हणजे दहा वर्षं, एक भाग पाच. झालं.

गुणोत्तराच्या कुठल्याही उदाहरणात मी हाच प्रश्न विचारतो, काय बदललं नाही? वयात फरक बदलत नाही. दुधात पाणी घातलं तर दूध बदलत नाही. ४० लीटर मिश्रणात दूध आणि पाणी ७:१ आहे, किती पाणी घातलं तर ७:३ होईल? दूध ३५, पाणी ५. दूध ३५ च राहणार, तेच ७ भाग, म्हणजे भाग ५ चा. पाणी ३ भाग म्हणजे १५ पाहिजे, ५ आहे, १० लीटर घाला. आमच्या दूधवाल्याला हे गणित तोंडपाठ असावं असा माझा जुना संशय आहे.

भागीदारीत रक्कम आणि काळ दोन्ही धरायचे, परत तेच टेबल. दोघी मैत्रिणींनी मसाल्याचा धंदा टाकला, एकीने सुरुवातीलाच ३०,००० घातले, दुसरी चार महिन्यांनी ४५,००० घेऊन आली. वर्षाअखेर नफा ४२,०००. दुसरीने दीडपट घातले म्हणून तिला जास्त? ३०,००० × १२ = ३,६०,०००. ४५,००० × ८ = ३,६०,०००. सारखंच! २१,००० प्रत्येकी. दुसरीला पटवायला किती वेळ लागेल ते गणितात येत नाही.

पडताळा उदाहरणात करा, समीकरणात नाही

उत्तर आलं की ते परत प्रश्नाच्या वाक्यात घाला, आपल्या समीकरणात नाही. समीकरणच चुकीचं मांडलं असेल तर त्यात घातलेलं उत्तर जमतंच, आणि आपण खूश होतो. वाक्यात घालून मोठ्याने वाचा. "आठ हजारावर आठ महिन्यांचं व्याज पावणेसहा हजार." कानाला खटकलं की चुकलंय. माणसांचं उत्तर साडेतीन आलं, आईचं वय मुलीपेक्षा कमी आलं, व्याज मुद्दलापेक्षा जास्त आलं आणि मुदत मात्र वर्षभराचीच, तर मागे जा, आणि मागे म्हणजे आकडेमोडीत नाही, प्रश्नाच्या पहिल्या ओळीवर.

सरावाला रोज तीनच उदाहरणं घ्या पण प्रत्येक दोन पद्धतीने, एकदा क्ष घेऊन आणि एकदा क्ष न घेता. पन्नास उदाहरणं एकाच ठोकळ्यातून काढण्यापेक्षा याने लवकर जमतं, निदान माझ्या क्लासमध्ये तरी तसंच दिसलंय. ही तीन आज करा:

१. ७,५०० रुपये सरळव्याजाने ठेवले, ४ वर्षांनी ९,९०० मिळाले. दर किती?

२. १८ मजूर एक काम २० दिवसांत करतात. ५ दिवसांनी ३ मजूर गावी निघून गेले. सगळं काम संपायला सुरुवातीपासून एकूण किती दिवस लागले?

३. एका बाईंनी १५,००० कर्ज घेतलं, काही बचत गटातून महिना शेकडा २ ने आणि उरलेलं पतसंस्थेतून द.सा.द.शे. ९ ने. दोन्ही ठिकाणी वर्षभराचं सरळव्याज मिळून २,७०० भरलं. गटातून किती घेतले होते?

उत्तरं अशी, पहिल्याचं ८ टक्के, दुसऱ्याचं २३ दिवस (१८ आलं असेल तर "एकूण" वाचलं नाही), तिसऱ्याचं ९,०००. तिसऱ्यात क्ष उणे एकोणीस हजार आणि वर काहीतरी आला असेल तर समीकरण पुसू नका, ते सुटलंय बरोबरच, फक्त "महिना" हा शब्द परत वाचा.